मदत हवी आहे: चाळिशी-पन्नाशीतल्यांना हसवणारं बोलायला कसं लावायचं?

आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन दिवाळीनंतर वेंगुर्ल्याला घरीच आहे. (१००० पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने.) जेवणानंतर दहा मिनिटांचं वाचन ठरलंय: घरातल्या प्रत्येक वयाच्या माणसाला आयुष्यानं काय शिकवलं, तेही गमतीत.

लहान आणि म्हातारे झकास बोलले. पहिलीतला भाचा म्हणतो, "आजोबा झोपलेत की नुसते डोळे मिटलेत, हे हलवून बघायचं नाही." तिशीतला भाऊ: "मुंबईला परतताना फणस नको म्हणू नये, दोन मिळतात." सत्तरीतली आत्या: "दात गेल्यावर कळलं, सोलकढी हेच पूर्णान्न."

अडलंय ते मधल्या पिढीपाशी. कुटुंबाच्या ग्रुपवर विचारलं तर उगवत्या सूर्याचे सुविचार आले. फोन केला तर काका कर्जाचे हप्ते आणि संयम यांवर बोलत राहिले. समोर बसून विचारलं, तर "आमचो कसलो इलो अनुभव!" म्हणून विषय आंब्याच्या मोहोरावर.

तयार विनोद नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत. सासू-सून आणि दारूवरचेही नकोत. व्याही मंडळी समोर असतील. मालवणी चालेल, उलट बरंच. वाक्य छोटं हवं, कारण आजोबांना कमी ऐकू येतं आणि जेवणात वडे-सागोती असल्यानं बाकीचे पेंगणारच.

तर "आयुष्यानं काय शिकवलं?" याऐवजी या वयाच्या माणसांना नेमका कोणता प्रश्न विचारावा, म्हणजे उपदेशाऐवजी खरा घडलेला किस्सा बाहेर येईल?