सिगारेट सुटली, व्हेप सुटत नाही. ३ मिलिग्रॅमवर गाडी अडली आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. १४ वर्षं सिगारेट ओढली, दिवसाला १५ च्या आसपास. अडीच वर्षांपूर्वी व्हेप (ई-सिगारेट) हातात घेतलं आणि तीन आठवड्यांत सिगारेट सुटली, ती आजतागायत. जिना चढताना धाप लागत नाही, सकाळचा खोकला गेला. तेव्हा व्हेपला शिव्या घालायला हा धागा काढलेला नाही. पण आता तेही सोडायचंय.

१२ मिलिग्रॅमच्या लिक्विडने (म्हणजे दर मिलीत १२ मिलिग्रॅम निकोटिन) सुरुवात केली होती. सहा महिन्यांनी ६ वर आलो, गेल्या वर्षी ३ वर, आणि तिथंच रुतलो. ० चं लिक्विड दोनदा आणून पाहिलं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरच्यांवर यथेच्छ खेकसून झालं आणि ३ ची बाटली परत उघडली.

सिगारेट एका बाबतीत बरी होती: ती संपायची. पेटवली, ओढली, विझवली, विषय मिटला. हे संपतच नाही. बाहेर जायला नको, काडी नको, राख नको. परवा रात्री कूस बदलली, हात उशीखाली गेला, झुरका घेतला, आणि त्याचा निळा दिवा भिंतीवर उमटलेला दिसला तेव्हा मला जाग आली. म्हणजे ओढून आधी झालं, जागा मी नंतर झालो. तेव्हापासून जरा टरकलोय.

३ वरून थेट ० वर जावं की मधे आणखी पायरी घ्यावी? निकोटिनच्या अंगाला चिकटवायच्या पट्ट्या किंवा गम कुणी व्हेप सोडायला वापरलेत का? आणि खरी भीती अशी की हे सोडायच्या नादात परत सिगारेट हातात आली तर आगीतून फुफाट्यात. तसं झालेलं कुणी असेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद:
मिलिग्रॅम कळले. रोज मिली किती जातं ते सांगा. आणि यंत्र सुरुवातीचंच आहे की बदललं?

धागाकर्ता:
यंत्र बदललं. ३ वर आल्यावर घशाला काही जाणवेचना, म्हणून मोठं घेतलं, कमी ओहमच्या कॉइलचं (कॉइल म्हणजे लिक्विड तापवणारी तार). मिलीचा हिशोब कधी ठेवला नव्हता. आत्ता रिकाम्या बाटल्या काढून अंदाज बांधला. १२ वर असताना रोज ३ मिली, ६ वर ५ मिली. हल्ली १० मिली.

प्रतिसाद:
गुणाकार करा. १२ गुणिले ३ म्हणजे ३६. ६ गुणिले ५ म्हणजे ३०. ३ गुणिले १०, पुन्हा ३०. अडीच वर्षांत बाटलीवरचा आकडा चौथाईवर आला आणि तुमचा रोजचा निकोटिन जवळपास जागच्या जागी. हा सगळा काही रक्तात जात नाही, पण तुलनेपुरता हिशोब पुरेसा आहे.

यात तुमचा दोष नाही, शरीर आपला वाटा वसूल करतं. लिक्विड पातळ केलं की झुरके लांबतात, खोल जातात, जास्त वेळा घेतले जातात. वर कमी ओहमची कॉइल एका झुरक्यात कितीतरी जास्त वाफ काढते. म्हणून ० वर गेलात तेव्हा तुम्ही "३ वरून ०" अशी छोटी उडी मारली नव्हती, रोजच्या ३० वरून ० वर कोसळला होतात. खेकसणारच.

मी स्वतः सुटलो तो असा: आधी ताकद तीच ठेवली आणि मिली बांधून घेतले. सकाळी दिवसभराचं लिक्विड मोजून एका छोट्या बाटलीत काढायचं, ते संपलं की दुसऱ्या दिवशीच. दर आठवड्याला अर्धा-एक मिली कमी. मिली खाली येऊन स्थिरावले की मगच ताकद कमी करायची: ३ चं आणि ० चं समसमान मिसळलं की दीड होतं. मिसळताना हातमोजे घाला आणि बाटल्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. निकोटिनचं लिक्विड पोटात जाणं लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं. आणि मधे यंत्र बदलू नका, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

अजून एक. खिशात ठेवू नका. घरातली एक जागा ठरवा, ओढायचं असेल तर उठून तिथं जा आणि उभ्याने ओढा. उशीखाली तर अजिबात नको.

प्रतिसाद:
एवढी वाणसामानाची यादी कशाला? एका फटक्यात सोडा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ६९७ सिगारेटवाले होते. ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, दोन आठवडे कमी करत नेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. कमी करत नेणं म्हणजे स्वतःलाच गाजर दाखवणं.

प्रतिसाद:
अभ्यास बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. ते लोक सिगारेट सोडत होते, आणि दोन्ही गटांना पट्ट्या वगैरे दिलेल्या होत्या. नुसत्या निर्धारावर कुणालाच सोडलं नव्हतं. धागाकर्त्याने दोनदा एका फटक्यात करून पाहिलंय, तेही हाताशी काहीच न घेता.

पट्टीबद्दल: व्हेपसाठीही वापरतात. २४ तासांच्या पट्ट्या २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमच्या मिळतात. तुम्हाला कुठली, हे डॉक्टर किंवा फार्मासिस्टला रोजचे मिली सांगून ठरवा, विशेषतः हृदयाचं काही असेल तर. पट्टीने रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढायची का तेही विचारा. गम मात्र च्युइंगमसारखा चघळत बसू नका. थोडा चावा, तिखटसर चव आली की गालात धरून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. आधी १५ मिनिटं कॉफी किंवा सरबत नको, तोंडातल्या आंबटपणामुळे निकोटिन नीट शोषला जात नाही. व्हॅरेनिक्लिन नावाच्या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

शेवटचा झुरका घेतल्यापासून दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. पुढे दोन ते चार आठवड्यांत चिडचिड, झोप जागेवर येतं. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते.

सिगारेटचं म्हणाल, तर मी घसरलो होतो. चार महिने. कारण "व्हेप बंद" ही तारीख मला सिगारेटपेक्षा मोठी वाटायला लागली होती. म्हणून आता सगळ्यांना सांगतो: सिगारेट मागायला तोंड उघडणार असं वाटलं तर गपचूप व्हेप घ्या, तारीख पुढे ढकला.

धागाकर्ता:
तो गुणाकार वाचून आधी राग आला, मग हसलो. एक उपप्रश्न. सिगारेट सोडली तेव्हा नेहमीच्याच कॉफीने हात थरथरायचे. आता परत तसं होईल का?

प्रतिसाद:
त्या कारणाने नाही. धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृत कॅफीन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की तीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते. तो परिणाम निकोटिनचा नसतो, आणि व्हेपला धूर नाही. तुमचा तो हप्ता अडीच वर्षांपूर्वीच भरून झालाय.

धागाकर्ता, पाच आठवड्यांनी:
हालहवाल. लहान यंत्रावर परत आलो. पहिला आठवडा १० मिलीवरून ७ वर आणायचं ठरवलं होतं, झालं ८. आता ५ वर आहे, ताकद ३ च. म्हणजे रोजचे १५, निम्मे. यंत्र बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर असतं. पहिले चार दिवस रात्री हात उशीखाली जायचाच, तिथं मी मुद्दाम रुमाल ठेवला होता. एकदा तो तोंडापर्यंत नेला, बायकोने पाहिलं, तेव्हापासून घरात माझं नाव काय पडलंय ते इथे सांगत नाही.

एका संध्याकाळी कचेरीबाहेर कुणीतरी पाकीट पुढे केलं. हात निम्म्यापर्यंत गेला होता. वर जाऊन व्हेप ओढलं, त्या दिवशीचे मिली साडेसहा झाले. लिहून ठेवलेत.

पुढच्या सोमवारी दीडचं मिश्रण. पट्टी डॉक्टरांना विचारून ठेवली आहे, शेवटच्या टप्प्यासाठी. गाडी चालवताना काय करता तेवढं सांगा. सिग्नलला थांबलो की हात अजून गिअरवरून उठून खिशाकडे जातो.