वाघ आणि बिबट्या समोरासमोर आले तर?

प्रश्न

ताडोबातील एका पाणवठ्यावर पाणी पिणाऱ्या बिबट्याने अचानक मान वर केली, क्षणभर कानोसा घेतला आणि तो तडक ऐनाच्या झाडावर चढला. काही वेळाने त्याच वाटेने वाघीण आली. झाडाकडे ढुंकूनही न पाहता ती पाठमोरी पाण्यात शिरून बसली. या दोघांत खरोखर झुंज होते का, की बिबट्या नेहमीच अशी माघार घेतो?

प्रतिसाद १

झुंज म्हणावी असे सहसा काही घडतच नाही. पूर्ण वाढलेला नर वाघ २०० किलोंच्या आसपास भरतो, तर नर बिबट्या साधारण ५० ते ७० किलोंचा असतो. उघड्यावर गाठलेल्या बिबट्याला, विशेषतः पिल्लाला, वाघ ठार करू शकतो आणि कधी खातोही. त्यामुळे गाठच पडू न देण्यात बिबट्याचे सारे शहाणपण असते. खोडावर वाघाने मारलेल्या मूत्राच्या फवाऱ्याचा वास आला किंवा चितळ-वानरांचे धोक्याचा इशारा देणारे कॉल सुरू झाले, की तो वाट बदलतो. झाड हा शेवटचा आसरा. वाघालाही चढता येते, पण त्याचे वजन वरच्या फांद्यांना पेलत नाही.

प्रतिसाद २

सहमत. मात्र भक्ष्याचा मुद्दा राहून गेला. कर्नाटकातील नागरहोळेसारख्या समृद्ध जंगलात वाघ गवा-सांबरासारखी मोठी जनावरे अधिक मारतो आणि बिबट्या तुलनेने लहान भक्ष्यावर भागवतो, म्हणून दोघांचे निभते. याउलट उत्तराखंडमधील राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या चिल्ला भागातून जनावरे पाळून राहणाऱ्या गुज्जर कुटुंबांचे पुनर्वसन झाल्यावर वाघ वाढले, बिबट्यांची घनता घटली आणि उरलेल्यांच्या आहारात पाळीव जनावरांचे प्रमाण वाढले. अर्थात, गावाजवळ दिसलेला प्रत्येक बिबट्या वाघाने हुसकावलेला असतो, हा आपल्याकडचा लाडका निष्कर्ष मला पटत नाही: जुन्नरच्या उसात वाघ नाहीत, बिबटे मात्र भरपूर आहेत.

प्रतिसाद ३

बिबट्याला कायमचा भित्रा ठरवू नये, एवढेच सुचवतो. समोर कोण आहे यावर सारे ठरते. २०२२ मध्ये नामिबियातून मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्ते आणले गेले, तेव्हा त्यांना मोठ्या कुंपणात सोडण्यापूर्वी आत शिरलेले बिबटे बाहेर काढण्यासाठी वनविभागाला बराच खटाटोप करावा लागला, कारण चित्ता वेगात सरस असला तरी अंगाने सडपातळ असतो आणि जखमी होऊन धावणे थांबले तर त्याची उपासमार होते; तेथे वाट सोडण्याची पाळी चित्त्यावर येते.