जर्मन क्लायंट विचारतोय, 'तुमचं सरकार आमचा डेटा मागू शकतं का?' काय लिहू?

प्रश्न (नाशिक)
सिडकोत माझं छोटं ऑफिस आहे, आम्ही सहाजणी. जर्मनीतल्या एका कारखान्याची पगारपत्रकं चार वर्षं करतोय. करार नव्याने करण्याआधी त्यांच्या वकिलांनी ४१ प्रश्न पाठवलेत. ४० भरले, वरच्या या एकावर अडलेय. 'नाही' लिहिलं तर खोटं होईल, 'हो' लिहिलं तर काम जाईल. सहा घरं चालतात यावर. कुणी भरलंय का हे?

उत्तर (पुणे)
ताई, 'नाही' मुळीच लिहू नका. सरकारला डेटा मागायचा अधिकार देणारं आयटी कायद्याचं कलम ६९ त्यांनी वाचलेलं असणार. १६ जुलै २०२० ला युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. वाद अमेरिकेत डेटा पाठवण्याचा होता, पण नुसता करार पुरत नाही, डेटा जातो त्या देशाचा कायदाही तपासा, असं कोर्टाने सांगितलं. तिथे डेटा सुरक्षित राहतो अशी मान्यता जपान आणि दक्षिण कोरियाला युरोपने दिलीय, भारताला नाही. लिहा: असा कायदा आहे, साधारणपणे गृहसचिवांचा आदेश लागतो, आम्हाला आजवर एकही आलेला नाही, आला तर कायद्यात बसेल तिथवर कळवू.
आणखी एक. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम १७ ने अशा परदेशी कामाला बऱ्याच अटींतून सूट आहे. धंदा यावा म्हणून दिलेली सूट, पण त्यांचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. सुरक्षेची जबाबदारी त्यातही माफ नाही, हे आवर्जून लिहा.

उत्तर (ठाणे)
आपली कामं काढून घ्यायला केलंय हे सगळं!

उत्तर (पुणे)
दादा, तेवढंच नाही. रिझर्व्ह बँकेनेही २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा म्हटलं. त्यावरून मास्टरकार्डला जुलै २०२१ पासून जवळपास वर्षभर इथे नवे ग्राहक घेता आले नाहीत.

प्रश्नकर्ती
डेटा फ्रँकफर्टलाच ठेवून इथून फक्त स्क्रीनवर पाहिला तर?

उत्तर (पुणे)
तेही पाठवणंच धरतात. त्यापेक्षा नावं काढून टाका.

प्रश्नकर्ती
काल शीट उघडून नीट पाहिली. नाव, पत्ता, बँक खातं, वर धर्माचा रकाना. तिथे चर्चचा कर पगारातून कापतात. चार वर्षं रोज समोर होतं, कधी मनातच आलं नाही. हिशेबाला तास, करवर्ग आणि तो धर्माचा रकाना लागतो, नाव कशालाच लागत नाही. सोमवारपासून फक्त कामगार क्रमांक टाकून पाठवा, नावांची यादी तुमच्याकडेच ठेवा, असं कळवलंय. पुण्याचे दादा, तुमचं उत्तर जवळपास जसंच्या तसं लिहिलं.