प्री-मेडसाठी परवडणारे अंडरग्रॅड कॉलेज कसे निवडावे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमची मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे. डॉक्टर व्हायचे हे तिचे पक्के आहे, म्हणजे इथे आधी चार वर्षांची पदवी (अंडरग्रॅड), त्यात मेडिकलसाठी लागणारे विषय (प्री-मेड) आणि मग मेडिकल स्कूल. घरातल्या सर्वांकडे ग्रीन कार्ड आहे. तिला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. पहिले बॉस्टनमधले नावाजलेले खासगी विद्यापीठ असून मिळालेली मदत वजा जाता तिथे राहण्याजेवणासह वर्षाला ६२ हजार डॉलर भरावे लागतील. दुसरे आमच्याच राज्यातले सरकारी विद्यापीठ, तिथे हाच खर्च ३८ हजार आहे. तिसरे दक्षिणेकडच्या एका राज्यातले सरकारी विद्यापीठ. तिथे ऑनर्स कॉलेजात (निवडक हुशार विद्यार्थ्यांच्या विशेष विभागात) प्रवेश आणि गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे खर्च २४ हजारांवर आला आहे. तिच्यासाठी ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) आम्ही आजवर १ लाख २० हजार डॉलर साठवले आहेत.

मुलीचा ओढा पहिल्या विद्यापीठाकडे आहे, कारण मेडिकल स्कूलमध्ये कॉलेजचे नाव पाहिले जाते असे तिला अनेकांनी सांगितले आहे. आम्ही दोघेही भारतात शिकलो, त्यामुळे बारावीनंतर थेट एमबीबीएस ही एकच वाट आमच्या परिचयाची आहे. नावासाठी एवढे पैसे मोजणे योग्य ठरेल का? १ मेपर्यंत निर्णय कळवायचा आहे.

प्रतिसाद १ (मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

ताई, मी स्वतः सरकारी विद्यापीठातून मेडिकलला आले. माझ्या वर्गात फार मोठ्या नावांच्या विद्यापीठांतून आलेली मुले आहेत आणि ज्यांची नावे मी पूर्वी ऐकलीही नव्हती अशा कॉलेजांतून आलेलीही आहेत. नावाला काहीच किंमत नसते असे मी म्हणणार नाही. काही खासगी, संशोधनावर भर देणाऱ्या मेडिकल स्कूल्समध्ये त्याला थोडे वजन असते. परंतु अर्ज उघडल्यावर आधी नजर जाते ती जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) यांवर, आणि या दोहोंत कमी पडलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजचे नाव तारून नेत नाही.

अर्ज कसा भरला जातो हे सांगितले तर माझा मुद्दा स्पष्ट होईल. बहुतेक मेडिकल स्कूल्सचा सामाईक अर्ज ॲमकॅस या व्यवस्थेतून जातो. तिथे आपण घेतलेला प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट आणि ग्रेड एकेक करून स्वतः भरावे लागते आणि ते गुणपत्रकाशी ताडून पाहिले जाते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले विषयही त्यात येतात. एखादा विषय पुन्हा घेतला असेल तर तुमचे विद्यापीठ जुनी ग्रेड पुसत असले, तरी ॲमकॅस दोन्ही ग्रेड मोजते. शिवाय जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढला जातो. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात बसलेला फटका असा शेवटपर्यंत सोबत राहतो.

म्हणून कॉलेज निवडताना मुलीने पाहावे ते हे, की तिथे ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा वर्ग केवढा असतो, ग्रेड कर्व्हवर (वर्गातल्या इतरांशी तुलना करून) दिली जाते का, आणि अडलेल्या विद्यार्थ्याला शिकवणीची मदत सहज मिळते का. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी ती बोलली तर माहितीपुस्तिकेत नसलेले पुष्कळ काही कळेल. जवळ रुग्णालय असणे, प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून काम मिळणे, या गोष्टीही मोलाच्या आहेत, आणि मोठ्या सरकारी विद्यापीठांत त्या बहुधा असतात. ऑनर्स कॉलेजातल्या मुलांना तर त्यांत आणि विषयनोंदणीतही अनेक ठिकाणी प्राधान्य मिळते. मेजर (पदवीचा मुख्य विषय) कोणताही चालतो. प्री-मेड हा मेजर नव्हे, ती केवळ आवश्यक विषयांची यादी आहे, हे भारतातून आलेल्या पालकांना मला नेहमी सांगावे लागते.

प्रतिसाद २ (मुलगा यंदा मेडिकलला अर्ज करत असलेले एक पालक)

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे; मी फक्त पैशांविषयी लिहितो, कारण या बाबतीत नियम नुकतेच बदलले आहेत आणि आपल्या पालकांत त्याची पुरेशी चर्चा होत नाही.

तुमचाच हिशेब मांडून पाहा. तिसऱ्या विद्यापीठात चार वर्षांचे ९६ हजार होतात, म्हणजे ५२९ खात्यात २४ हजार शिल्लक राहतात आणि ते मेडिकल स्कूलसाठी वापरता येतात. दुसऱ्या ठिकाणी १ लाख ५२ हजार होतात. ३२ हजार कमी पडतील, पण वर्षाला आठ हजार पगारातून घालता आले तर कर्ज लागणार नाही. पहिल्या ठिकाणी २ लाख ४८ हजार होतात आणि तूट राहते १ लाख २८ हजारांची. ही तूट मुलीच्या नावावरच्या संघीय (केंद्र सरकारच्या) कर्जातून भरून निघत नाही, कारण पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांत साधारण २७ हजारच मिळतात. दरवर्षी होणारी फीवाढ मी यात धरलेली नाही.

आता पुढचा भाग. आजवर मेडिकलच्या विद्यार्थ्याला ग्रॅड प्लस या संघीय कर्जातून इतर मदत वजा जाता उरलेला सगळा खर्च उचलता येत असे. २०२५च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने ही सोय १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली. त्यापुढे मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीसाठी संघीय कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळेल. पालकांच्या नावावरचे पॅरेंट प्लस कर्जही एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांवर थांबते, आणि ते अंडरग्रॅडपुरतेच असते. उलट अनेक खासगी मेडिकल स्कूल्समध्ये राहण्याजेवणासह चार वर्षांचा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे जातो. मधली दरी खासगी बँकेच्या कर्जाने भरायची झाली तर बहुतेकदा पालकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते, आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढत राहते. त्यानंतर रेसिडेन्सीची (रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) तीन ते सात वर्षे असतात. ज्या मुलीला आठ वर्षे शिकायचे आहे तिच्यासाठी पहिल्या चार वर्षांत सगळी पुंजी संपवणे मला धोक्याचे वाटते, आणि बॉस्टनच्या विद्यापीठाविषयी कितीही आदर असला तरी तुमच्या जागी मी तिथे नाही म्हणेन.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रॉसमन मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये आणि अल्बर्ट आइन्स्टाइनने २०२४ मध्ये ट्यूशन (शिकवण्याची फी) माफ केली, तर जॉन्स हॉपकिन्समध्ये २०२४ पासून ३ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना ती माफ आहे. हे फार चांगले झाले, पण तिथे प्रवेश मिळणे इतके कठीण आहे की त्यावर भिस्त ठेवून आजचा निर्णय घेता येणार नाही.

प्रतिसाद ३

याच संदर्भात विचारते. आमचा मुलगा अकरावीत आहे, तो एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहे आणि आमच्या ग्रीन कार्डाचा नंबर लागायला अजून बरीच वर्षे आहेत. आम्हालाही हेच निकष लागू होतात का?

प्रतिसाद ४ (प्रतिसाद २ मधील पालक)

तुमच्यासाठी खर्चाचा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. एच-४ वर असताना फॅफ्साद्वारे (सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जाद्वारे) मिळणारी संघीय मदत मिळत नाही, मात्र अनेक राज्यांत सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशांची कमी ट्यूशन लागू होते. आपल्या राज्याचा नियम विद्यापीठाच्या रेसिडेन्सी (रहिवास ठरवणाऱ्या) कार्यालयाकडून लेखी घ्या. २१ वर्षे पूर्ण झाली की सहसा एच-४ संपतो आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. मेडिकलला अर्ज करण्याची वेळ नेमकी याच सुमारास येते. बऱ्याच सरकारी मेडिकल स्कूल्स अशा विद्यार्थ्यांचा अर्ज विचारात घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण पुढच्या वर्षांची फी आधीच खात्यात दाखवायला सांगतात. तुमच्या परिस्थितीत अंडरग्रॅडचा खर्च शक्य तितका कमी ठेवावा आणि दुसरे करिअरही खुले राहील असा मेजर निवडावा. इमिग्रेशनच्या वकिलाशी आत्ताच बोला, कारण वयाच्या गणनेत काही मुलांना कायद्याने थोडी सवलत मिळते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. हिशेब समोर मांडल्यावर मुलीने स्वतःहून पहिले नाव मागे ठेवले आहे. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या विद्यापीठात निवड करायची आहे. दक्षिणेकडे गेल्यास न्यू जर्सीच्या मेडिकल स्कूल्समध्ये ती बाहेरची ठरेल का? बॉस्टनच्या विद्यापीठाने आपले ९० टक्के प्री-मेड विद्यार्थी मेडिकलला जातात असे सांगितले होते, तसा आकडा या दोघांपैकी कोणीच देत नाही.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद १ मधील विद्यार्थिनी)

तुम्ही न्यू जर्सीत राहत आहात आणि ती तुमच्यावर अवलंबून आहे तोवर केवळ शिकायला बाहेर गेल्याने तिचा रहिवास सहसा जात नाही. रटगर्स आणि रोवन यांच्या मेडिकल स्कूल्सना अर्ज करताना ती आपल्या राज्याचीच धरली जाईल, फक्त कायमचा पत्ता आणि वाहन परवाना इथलाच ठेवा.

त्या ९० टक्क्यांविषयी एक विचारायला हवे, की ते कोणाचे ९० टक्के. काही कॉलेजांत मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांसाठीची प्री-हेल्थ समिती अर्जासाठी शिफारसपत्र देते, आणि जीपीए कमी असलेल्यांना ते देत नाही किंवा अर्ज न करण्याचा सल्ला देते. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून आलेल्या मुलांपैकी किती जण अर्जापर्यंत पोहोचले हे त्या आकड्यात दिसतच नाही. तुमच्या दोन्ही विद्यापीठांत अशी समिती आहे का आणि ती कोणालाही पत्र नाकारते का, हे त्यांना थेट विचारा.

तिसऱ्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचे पत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ती चारही वर्षे मिळणार का, आणि टिकवायला किमान जीपीए किती लागतो, हे त्यात लिहिलेले असते. ३.० ची अट असेल तर काळजीचे कारण नाही, कारण मेडिकलला जाणाऱ्या मुलीला त्यापेक्षा बरेच वर राहावे लागतेच, अट ३.५ ची असेल तर पहिल्या सत्रातल्या एका वाईट ग्रेडने शिष्यवृत्ती जाऊ शकते, तेव्हा एक सत्र सुधारण्याची मुदत मिळते का हेही पाहा. दोन्ही विद्यापीठांच्या आर्थिक साहाय्य कार्यालयांना या आठवड्यातच ईमेल करा आणि उत्तर लेखी मागवा. राज्यातल्या विद्यापीठाला दुसरीकडे मिळालेल्या शिष्यवृत्तीचे पत्र जोडून मदत वाढवता येईल का असेही विचारा. १ मेच्या आधी अशा विनंतीचा काही ठिकाणी विचार होतो.