मेरीचा वाटा

शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी सांगणाऱ्या ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ या पुस्तकाचा उल्लेख कुणीतरी ‘इंग्रज लेखक चार्ल्स लॅमने मुलांसाठी सांगितलेला शेक्सपिअर’ असा केला, म्हणून राहवलं नाही. १८०७ साली पुस्तक निघालं तेव्हा त्यावर नाव एकट्या चार्ल्सचं होतं, हे खरं. पण वीसपैकी चौदा गोष्टी त्याच्या थोरल्या बहिणीने, मेरीने लिहिल्यात. ‘हॅम्लेट’, ‘मॅक्बेथ’सारख्या सहा शोकांतिका तेवढ्या त्याच्या.

मेरीने एका मैत्रिणीला पाठवलेलं पत्र मला फार आवडतं. दोघं एकाच टेबलाशी लिहायला बसलेत. ही तपकीर ओढतेय आणि तो ‘काही जमत नाही’ म्हणून कण्हतोय, लिहून संपेपर्यंत!

याच मेरीच्या हातून १७९६ मध्ये वेडाच्या झटक्यात आईचा जीव गेला होता. चार्ल्स तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा, ईस्ट इंडिया कंपनीत कारकून. त्याने तिची जबाबदारी अंगावर घेतली आणि शेवटपर्यंत निभावली.

आणि प्रस्तावना कुणी गाळू नका हो. मुलग्यांना वडिलांची पुस्तकं लवकर हाताळायला मिळतात, मुलींना नाही, म्हणून हे लिखाण मुख्यतः मुलींसाठी, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. अवघड जागा भावांनी बहिणींना समजावून द्याव्यात, अशी विनंतीही आहे.