येसर विकायला काढायचंय. ग्रुपवरच्या ‘मलाही पाहिजे’वर किती भरवसा ठेवावा?

गिरणीवाली, अंबाजोगाई

नमस्कार. आमची पिठाची गिरणी आहे, सोबत मसाला कांडप. लग्नसराईत बाया येसर, म्हणजे आमटीचं मसाल्याचं पीठ, दळायला येतात. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ घरून भाजून आणतात, धने, खोबरं, दगडफूल वेगळ्या पुडीत बांधलेलं असतं. कुणाचं भाजणं कसं आहे ते दळताना वासावरून मला कळतं.

गेलं वर्षभर मी पुण्यात राहणाऱ्या मराठवाड्यातल्या लोकांचे फेसबुक ग्रुप वाचायलेय. मायबोलीवरचे पाककृतीचे जुने धागेही काढून वाचले. ‘पुण्यात येसर कुठं मिळंल?’ हा प्रश्न सारखा येतो आणि खाली ‘मलाही पाहिजे’, ‘आम्हाला पण सांगा’ अशी रांग लागते. घरचे म्हणायलेत, एवढी मागणी आहे तर कर्ज काढून पाकिटं भरायची मशीन घेऊ.

माझं पाऊल अडतंय. त्याच ग्रुपवर मी विचारलं, पाव किलोला किती द्याल? सगळे गप्प. मग ही मागणी खरी धरायची का नुसती गावाची आठवण? मी एक वही केलीय. कोण बोललं, कुठल्या गावचं, नेमके शब्द काय, कोणता महिना. या वहीतून काय धरावं अन् काय सोडावं, ते असं काम केलेल्या माणसानं सांगावं.

लोखंडकाम, परभणी

ताई, वही केली हे उत्तम. आता ती वाचायची कशी, ते माझ्या धंद्यातून सांगतो.

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आमच्याकडं सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात. पेरणीनंतर महिना-दीड महिन्यानं तुरीचे शेंडे खुडले की बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेंगा वाढतात. हातानं खुडायला मजूर मिळत नाही, म्हणून बॅटरीवरची खुडणी यंत्रं आली. मला त्यातलं एक बनवायचं होतं, म्हणून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर बसलो. तिथं कुणी म्हणे सोलरवर चालणारं पाहिजे, कुणी म्हणे एकदम चार ओळी खुडणारं. ते मी लिहून घेतलं, पण त्यावर एक रुपया घातला नाही.

मी दुसरं शोधलं. ज्यांनी स्वतःच काहीतरी जोडून ठेवलं होतं अशी माणसं. कुणी फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी काढून कमरेला बांधली होती. कुणी पीव्हीसी पाइपाच्या टोकाला मोटर बसवून कागद कापायच्या कटरची पाती लावली होती. ही माणसं अडचणीपायी घरचा वेळ, घरचा पैसा घालून मोकळी झालेली. त्यांना मेसेज केला, धंदा काय करतो ते आधीच सांगितलं, अन् शिवारात गेलो.

तिथं एक बाई खुडणी करत होत्या. पाठीवरच्या बॅटरीपासून हातातल्या यंत्रापर्यंत वायर येते, ती तुरीच्या फांद्यात अडकते. बाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून वायर कोपराला बांधली होती. मालक पाच वर्षांपासून त्या ग्रुपवर होता, पण या पट्टीबद्दल तिथं कधी एक ओळ आली नव्हती, कारण खुडणाऱ्या बाईच्या हातात मोबाइल नव्हता. मी यंत्राबरोबर दंडाला बांधायचा पट्टा देतो तो तिथून आला, आणि माझं यंत्र घेणारे आधी त्याच पट्ट्याचं नाव काढतात.

तेव्हा वहीत एक नवा रकाना पाडा: हा माणूस आज येसर मिळत नाही म्हणून काय करतो? आईकडून ट्रॅव्हल्सनं पार्सल मागवतो? मेतकुटात काळा मसाला कालवून काम भागवतो? का काहीच करत नाही, नुसतं ‘मलाही’ लिहून पुढं जातो? पहिले दोन तुमचे गिऱ्हाईक. तिसऱ्याला सोडा. आणि ट्रॅव्हल्सवाला डब्याचे किती घेतो तेही विचारून लिहा. आईच्या डब्यासाठी माणूस आत्ता जे मोजतो त्यावरून तुमच्या भावाचा अंदाज येईल. ‘किती द्याल’ विचारलं तर कुणीच सांगणार नाही, मीही सांगणार नाही.

महिना लिहिता ते फार बरं. शेंडे खुडणीचं विचारणं जुलै-ऑगस्टात उठतं आणि दसऱ्यापर्यंत पार थांबतं. दिवाळीत ग्रुप वाचला असता तर मला वाटलं असतं, याची कुणाला गरजच नाही.

मूळचा लातूर, आता पुण्यात, बाजार-संशोधनात नोकरी

परभणीच्या दादांनी हे शिवारात शोधलं, आमच्या क्षेत्रात ते १९८६ पासून लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीतले एरिक फॉन हिपेल यांनी मांडलं की काही वापरणाऱ्यांना गरज बाकीच्यांच्या आधी आणि जास्त तीव्रतेनं जाणवते, आणि ते वाट न बघता स्वतःच उपाय करतात. नव्या वस्तूची कल्पना त्यांच्याकडं सापडते.

ताई, मोजताना कमेंट मोजू नका, माणसं मोजा. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली ऑनलाइन समूहांचा एक ढोबळ ठोकताळा सांगितला: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी लिहितात, आणि बहुतेक मजकूर एकाच माणसाचा असतो. तुमच्या वहीतही तीच तीच नावं फिरत असणार. प्रत्येक नाव एकदाच धरा. जे बोलत नाहीत ते तिथं दिसणारच नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष विचारावं लागेल. रविवारी पुण्यात मराठवाड्याच्या पोरांची मेस कुठं आहे ते शोधा आणि तिथल्या मावशींशी बोला.

एक विनंती मनापासून. दुसऱ्या नावानं खातं काढून ‘येसर कुठं मिळंल हो?’ असा प्रश्न टाकू नका आणि मग स्वतःच उत्तर देऊ नका. असले सल्ले देणारे बरेच भेटतील. ग्रुपमधले नंबर उचलून त्यांना जाहिरातीचे मेसेजही पाठवू नका. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोकांनी तिथं आपल्या माणसांत म्हणून मन मोकळं केलेलं असतं. अ‍ॅडमिनला सांगून, गिरणीच्या नावानं विचारा. अंबाजोगाईची गिरणीवाली विचारतेय म्हटल्यावर लोक जास्त बोलतील.

उदगीरची लेक, वाकड

त्या रांगेत ‘मलाही पाहिजे’ मीही लिहिलंय, म्हणून लिहिते. तेव्हा मला भूक लागली होती आणि माहेरची आठवण आली होती. विकत घेईन का? घेईन, पण किलोभर अजिबात नाही.

आई किलोभर पाठवते. आमच्या घरात येसरची आमटी महिन्यातून दोनदा होते. दोन महिन्यांत डब्याचा वास उतरतो, मग ते पीठ तसंच पडून राहतं आणि टाकताना जीव तुटतो. मला एका आमटीपुरती पुडी पाहिजे, चार माणसांची. अन् पुडीवर पाणी किती ते लिहा. माझे यजमान सावंतवाडीचे, त्यांनी एकदा कौतुकानं आमटी करायला घेतली. येसर थेट उकळत्या फोडणीत टाकलं, सगळ्या गाठी. आधी गार पाण्यात कालवायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं, आपण आईला बघितलेलं असतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी छापा.

आणखी एक. बाजारात तयार मसाले विकणाऱ्यांच्या ऑनलाइन पानांवर एक-दोन तारेवाले अभिप्राय वाचा. पाच तारेवाल्यांत ‘छान’ एवढंच असतं. नाराज माणूस मात्र नेमकं सांगतो: कडवट लागलं, पिशवी फुटून आली, मीठ आधीच घातलेलं होतं.

बचत गट, केज

मशीनचं कर्ज आत्ता नको ताई. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख असं अनुदान ठरलेलं आहे, पण ते कर्जाला जोडलेलं असतं. अनुदान दिसलं म्हणून आधी मशीन घ्यायची आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, असं करू नका. सध्याची स्थिती कृषी कार्यालयात विचारा.

थोडंसं विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि तो नंबर पुडीवर छापावा लागतो. वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, हिरवा ठिपका, हेही. येसर किती दिवस टिकतं ते अंदाजानं लिहू नका. परभणीला विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तिथं विचारा. तुमच्या जवळ डिघोळअंब्याला कृषी विज्ञान केंद्र आहेच.

गिरणीवाली, अंबाजोगाई

सगळ्यांचे आभार. रात्री वही घेऊन बसले आणि नवा रकाना पाडला. परभणीच्या दादांचं पटलं. नावं एकदाच धरल्यावर रांग बरीच आखडली, पण जी उरली त्यात डबा मागवणारेच जास्त आहेत. तीन बायांनी मेतकूट कालवून बघितल्याचं लिहिलंय, त्यातली एक हैदराबादची. हे मी आधी वाचलं होतं, पण पाककृतीच्या गप्पा म्हणून सोडून दिलं होतं.

मशीन आत्ता घेत नाही. नोंदणी झाली की हातानं सील करायच्या छोट्या यंत्रावर एका आमटीच्या पुड्या करते. गिरणीच्या नावानं ग्रुपवर टाकते, पैसे आधी घेऊन. डबा मागवणाऱ्यांना पहिल्यांदा विचारीन.

उदगीरच्या ताई, एकच विचारते. आमच्याकडं काही बाया येसरमध्ये लाल मिरची घालूनच दळतात, काही घालत नाहीत. पुडीत तिखट असावं का?

उदगीरची लेक, वाकड

नको. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याची वाटी आधी काढून मग मी आमच्या आमटीत तिखट टाकते. मीठही नको. पुड्या निघाल्या की सांगा, सहा माझ्या. पैसे आधी पाठवते.