निपाणीच्या गल्लीतले दुपारचे जेवण: साखर, रक्तदाब आणि रेशनचा तांदूळ

निपाणीकर (प्रश्न)

आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत विड्या वळण्याचे काम चालते. बायका सकाळी आठला मांडीवर सूप घेऊन बसल्या की दुपारी दोनपर्यंत उठत नाहीत. मध्ये दोन-तीनदा गोड चहा आणि बटर, आणि नंतर एकदम ताटभर भात व पातळ आमटी, असा त्यांचा क्रम आहे. माझ्या आईला सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. शेजारच्या चार घरांतही हेच दुखणे आहे. अन्नभाग्य योजनेतून मिळणारा तांदूळ हाच आमचा मुख्य आधार असल्याने धान्य बदलणे सोपे नाही. एका दवाखान्यातून आहाराचा छापील कागद मिळाला होता, त्यावर ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल अशी नावे होती. आईने तो घडी घालून मिसरीच्या डबीखाली ठेवून दिला आहे.

आता बचत गटाने दुपारी बारा वाजता पंधरा जणींचे जेवण एकाच चुलीवर शिजवायचे ठरवले आहे. त्यात काय असावे, किती असावे आणि गोळ्यांचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त परिचारिका, खानापूर तालुका

तो कागद डबीखालीच राहू द्या; डबीबद्दल मात्र शेवटी बोलणार आहे. भात बंद करा असे मी कोणालाही सांगत नाही, कारण दुसरे धान्य घेण्याची ऐपत नसलेल्या घरात भात बंद करणे म्हणजे उपास घडवणे, आणि उपासानंतर माणूस दुप्पट जेवतो. ताटातली मापे मात्र बदलावी लागतील. शिजलेला भात एक वाटी, तितकीच घट्ट उसळ किंवा आमटी, आणि या दोन्हींहून अधिक भाजी, एवढे धरून चालावे. आपल्याकडे आमटी पातळ करून तिच्यावर भात रिचवण्याची सवय आहे; डाळ तीच ठेवून पाणी कमी केले, तरी अर्धे काम होते.

कडधान्यांत हुलग्यांकडे पाहा. गरिबाचे धान्य म्हणून त्यांना नाक मुरडले जाते, पण 100 ग्रॅम कोरड्या हुलग्यांत सुमारे 21-22 ग्रॅम प्रथिने असतात. रात्रभर भिजवून मोड आणलेल्या हुलग्यांची उसळ पंधरा जणींना स्वस्तात पुरते. हुलग्याचे माडगे करायचे असल्यास त्यात गूळ नको. पालेभाज्यांत मेथी, शेपू, चाकवत, जे बाजारात उतरेल ते चालेल. अंबाडीचा एक वेगळा फायदा असा की तिच्या आंबटपणामुळे मीठ कमी पडल्याचे जिभेला जाणवत नाही; मात्र तिच्यात ज्वारीच्या कण्या घातल्या, तर तेवढा भात कमी वाढावा.

गोळ्या स्वतःहून कमी किंवा बंद करू नयेत. परंतु ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे, त्यांनी जेवण बदलण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वेळ आणि प्रमाण दाखवून घ्यावे, कारण अन्न घटले आणि औषध तेच राहिले तर साखर अचानक उतरू शकते. काम करताना दरदरून घाम आला, हात थरथरले, विडीचे टोक मुडपता येईना, तर तपासणी करावी. साखर 70 च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. यंत्र जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये. मात्र माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

आणि मिसरी. ती तंबाखूच आहे. निकोटीनमुळे नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. आईंचे जेवण कितीही सुधारले तरी डबी तिथेच असेल तर गोळीला एकटीने झुंजावे लागेल.

विणकर, वडगाव

ताईंनी मिठाचा उल्लेख केला म्हणून आमच्या घरचा हिशेब देतो. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅमच्या आत. आम्ही एक किलोच्या पुड्यावर फोडल्याची तारीख लिहू लागलो. पहिला पुडा 25 दिवसांत संपला, म्हणजे माणशी 10 ग्रॅम! आता तो 40 दिवस चालतो. लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठ यात धरलेले नाही. पापडखारातही सोडियम असतेच. चटणी कारळ्याची किंवा जवसाची करून वर लिंबू पिळले की अळणी लागत नाही.

भाकरीचे मात्र भय नाही. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, असा आमच्या आळीतला अनुभव आहे.

आहारतज्ज्ञ, बेळगाव

मिठाचा हिशेब प्रत्येक घराने उचलावा असा आहे. भाकरीचे विधान मात्र तसेच सोडता येणार नाही. ज्वारीत तंतू सुमारे 10 टक्के आणि पॉलिश केलेल्या तांदळात तीन टक्क्यांच्या आसपास असतात, हे खरे, आणि म्हणून भाकरीने पोट लवकर भरते. पण ज्वारीत पिष्टमय भागही बराच असतो. पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली की 35 ते 40 ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. म्हणजे एक भाकरी किंवा एक वाटी भात. दोन्ही हवे असतील तर दोन्ही अर्धे. ‘कितीही’ हा शब्द मधुमेह्याच्या ताटात बसत नाही.

रक्तदाबासाठी म्हणून विकले जाणारे पोटॅशियमयुक्त मीठ कोणी गटाच्या स्वयंपाकात आणू नये. पंधरा जणींत एखादीचे मूत्रपिंड अशक्त असेल किंवा रक्तदाबाची विशिष्ट गोळी चालू असेल, तर तेच मीठ तिला घातक ठरू शकते. मूत्रपिंडाचा विकार ठाऊक असलेल्यांनी डाळींचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

निपाणीकर

सर्वांचा आभारी आहे. काल गटाच्या बैठकीत हे सारे वाचून दाखवले. सर्वाधिक वाद झाला तो ‘वाटी’ कोणाची, यावर, कारण प्रत्येकीची वाटी निराळी! अखेर आईने घरातली जुनी पितळी वाटी नेऊन दिली. औषधाच्या बाटलीच्या मापाने पाणी ओतून पाहिले, तर ती 150 मिलिलिटरची निघाली. ती आता चुलीजवळ टांगलेली असते आणि भात तिनेच वाढायचा असे ठरले आहे. इन्सुलिन घेणाऱ्या दोघी सोमवारी आरोग्य केंद्रात जाणार आहेत. मिठाच्या पुड्यावर तारीख घातली आहे. चहातली साखर निम्मी करण्यावर मात्र अद्याप एकमत नाही, आणि मिसरीचा विषय निघताच आई उठून पाने भिजवायला गेली.